प्रगती कशाला म्हणायचे? एका जुन्या वादाची आठवण

दहावी-बारावी ओलांडलेली मुले घरात असली की एक प्रश्न कधी ना कधी दस्तरखानावर येतोच. "अब्बा, जे देश पुढे गेले ते धर्म बाजूला ठेवून पुढे गेले ना? मग आपण काय धरून बसलोय?" कोणी हे रागाने विचारतो, कोणी वडिलांना चिडवायला, आणि कोणी खरोखर रात्र रात्र विचार करून. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतही हा विषय वेगवेगळ्या रूपांत येतो. एका आईने लिहिले आहे की तिचा मुलगा नमाज सोडत नाही, पण विचारतो, "आपल्या बाजारातले नमाजी वजनात मारतात, आणि आमचे एक सर कशालाच मानत नाहीत तरी कोणाचा एक पैसा ठेवत नाहीत. हे कसे?" तिला उत्तर सुचले नाही. तिने आमच्याकडे एखाद्या पुस्तकाचे नाव मागितले आहे, जे वाचून मुलगा गप्प बसेल.

गप्प बसवणारे पुस्तक आम्हाला माहीत नाही, आणि असते तरी आम्ही सुचवले नसते. आपल्या घरांत या प्रश्नाला साधारण दोन उत्तरे मिळतात. पहिले, "तौबा कर, असे बोलू नये." दुसरे उत्तर जास्त सुशिक्षित घरांत मिळते. तिथे यादी वाचली जाते: अल्-ख्वारिज्मीच्या नावावरून अल्गोरिदम शब्द आला, इब्न सीनाचा 'कानून' युरोपातल्या विद्यापीठांत शतकानुशतके शिकवला, इब्न हैसमने प्रकाशाचे शास्त्र घडवले. हे सगळे खरे आहे आणि अभिमानाचेही आहे. पण आजोबांचा सातबारा दाखवून नातवाची भाकरी भाजत नाही. मुलगा विचारतो आहे आजचे, आपण सांगतो हजार वर्षांपूर्वीचे. तो मान हलवतो आणि मोबाइल घेऊन उठतो.

म्हणून या महिन्यात एक जुना वाद वाचकांपुढे ठेवत आहोत. हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये जाहीरपणे विचारला गेला होता आणि एका मुसलमानाने त्याला त्याच शहरात, त्याच वर्तमानपत्रात उत्तर दिले होते. उत्तर देणारा गृहस्थ त्याआधी दोनेक वर्षे आपल्या शेजारी, हैदराबादेत राहून गेला होता. त्या काळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड ही सारी निजामाच्याच राज्यात होती, म्हणजे मराठवाड्याच्या वाचकांना तो काही फार परका नाही.

२९ मार्च १८८३ रोजी अर्नेस्ट रेनाँ या नामवंत फ्रेंच विद्वानाने सोर्बोनमध्ये 'इस्लाम आणि विज्ञान' या विषयावर व्याख्यान दिले. दुसऱ्या दिवशी ते 'जुर्नाल द देबा' या दैनिकात छापून आले. रेनाँ हा मूळचा पाद्री व्हायला निघालेला माणूस. १८४५ मध्ये त्याने ते शिक्षण सोडले. पुढे १८६३ मध्ये त्याने हजरत ईसा (अ.) यांचे चरित्र लिहिले, चमत्कार नाकारले, आणि चर्चने एवढा गदारोळ केला की त्याला प्राध्यापकी गमवावी लागली. तेव्हा तो फक्त इस्लामच्या वाईटावर होता असे म्हणता येणार नाही. पण त्या दिवशी त्याने जे मांडले ते असे: मुसलमानाच्या डोक्याभोवती श्रद्धेचे एक लोखंडी कडे असते, त्यातून नवे ज्ञान आत शिरत नाही. ज्याला लोक अरबांचे विज्ञान म्हणतात ते खरे तर ग्रीकांचे, आणि ते पुढे नेणारेही बहुतेक इराणी किंवा स्पेनमधले. विज्ञान फुलले ते इस्लाममुळे नव्हे, इस्लाम असूनही फुलले. त्यात त्याने वंशाचीही गोष्ट घातली, की अरबांचा पिंडच तत्त्वज्ञानाचा नाही.

हे व्याख्यान कोणत्या हवेत झाले तेही ध्यानात ठेवावे. १८८१ मध्ये फ्रान्सने ट्युनिसिया ताब्यात घेतला होता. १८८२ मध्ये इंग्रजांनी अलेक्झांड्रियावर तोफा डागून इजिप्त घेतला होता. ज्यांचा देश कालच घेतला त्यांना आज सांगायचे की तुमचा धर्मच तुम्हाला मागे ठेवतो. घेणाऱ्याला यापेक्षा सोयीचा विचार दुसरा कोणता असणार?

उत्तर देणारे होते सय्यद जमालुद्दीन अफगाणी. नाव अफगाणी, पण बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यांचा जन्म इराणात हमदानजवळच्या असदाबादचा, साधारण १८३८-३९ चा. १८७९ मध्ये इजिप्तमधून हाकलले गेल्यावर ते हिंदुस्थानात आले आणि हैदराबादेत राहिले. तिथल्या एका गणिताच्या शिक्षकाने त्यांना पत्र लिहून विचारले, की हे 'नेचरी नेचरी' म्हणून जे चालले आहे ते आहे तरी काय? त्या पत्राला उत्तर म्हणून त्यांनी फारसीत एक छोटे पुस्तक लिहिले. १८८१ मध्ये ते हैदराबादेत छापले गेले.

'नेचरी' हा शब्द सर सय्यद अहमद खान आणि त्यांच्या अलिगढच्या मंडळींना उद्देशून होता. निसर्गाचे नियम ही अल्लाहचीच करणी आहे आणि कुरआन शरीफ व निसर्ग यांत विरोध असू शकत नाही, असे सर सय्यद म्हणत. एवढ्यावरून शिवी तयार झाली. (शिवी तयार व्हायला आपल्यात कधीच वेळ लागत नाही.) अफगाणींचा खरा राग सर सय्यद यांच्या इंग्रजनिष्ठेवर होता, आणि त्या रागात त्यांनी त्यांना नास्तिकांच्या रांगेत बसवले. हा अन्याय होता असे आमचे स्पष्ट मत आहे. याच पुस्तकात त्यांनी डार्विनवरही तोंडसुख घेतले आहे. कुत्र्यांच्या शेपट्या पिढ्यान्‌पिढ्या कापल्या तर पुढे पिल्ले बिनशेपटीची जन्मतात, असा दावा डार्विनच्या नावावर घालून त्याची टर उडवली आहे. डार्विनचा सिद्धांत तसा नाही. न वाचता उत्तर देण्याची घाई थोरामोठ्यांनाही होते.

पण याच पुस्तकात एक भाग असा आहे, जो आजच्या आपल्या घरातल्या प्रश्नाला थेट भिडतो. अफगाणी विचारतात, माणसाला वाईटापासून रोखते कोण? चार गोष्टी असू शकतात. एक, प्रत्येकाने आपल्या हक्कासाठी आपणच हत्यार घेऊन उभे राहावे. दोन, माणसाचा स्वाभिमान, अब्रू. तीन, सरकार. चार, आपल्याला घडवणारा कोणी आहे आणि त्याच्यापुढे हिशेब द्यायचा आहे हा विश्वास. पहिली तीन कशी अपुरी पडतात ते ते एकेक करून दाखवतात. हत्याराने बळी तो कान पिळी होते. अब्रूची कल्पना समाजासमाजात बदलते. एकीकडे जी लाज, ती दुसरीकडे शान. आणि सरकारला उघडे गुन्हे दिसतात, झाकलेले दिसत नाहीत, शिवाय सरकारात बसलेल्यांना रोखणार कोण?

या मुद्द्याला उदाहरण शोधायला आम्हाला पॅरिसला जावे लागत नाही. मुलीच्या बापाकडून पैसे मागणे ही कधी लाजेची गोष्ट होती. निकाहात मेहर मुलाने द्यायचा असतो हे ठाऊक असलेल्या आपल्याच घरांत आता गाडी कोणती, हॉल कोणता, किती माणसांचे जेवण, हे बैठकीत मोठ्याने बोलले जाते आणि कोणाची मान खाली जात नाही. हुंड्याविरुद्ध कायदा १९६१ चा आहे. म्हणजे सरकार आहे, अब्रूही आहे, पण दोन्ही मुलीच्या बापाच्या कामी आली नाहीत. अफगाणींचे पहिले तीन मुद्दे इथे अगदी बरोबर बसतात.

अडचण चौथ्याची आहे. कारण त्या बैठकीला बसलेले सगळे आखिरत मानणारेच असतात. बैठकीच्या आधी मगरिबची नमाजही झालेली असते. चौथा पहारेकरी हजर असूनही चोरी झाली. त्या मुलाचा प्रश्न नेमका इथेच आहे, आणि त्याला "तौबा कर" म्हणून तो सुटत नाही.

आम्हाला वाटते, त्याला आधी हे सांगावे की बाबा, हा प्रश्न तुझ्या आधी कुरआन शरीफनेच विचारला आहे. सूरह मुतफ्फिफीनची सुरुवातच घेताना माप भरून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांच्या धिक्काराने होते. सूरह माऊन तर आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. अनाथाला धक्का देणारा, गरिबाच्या जेवणाची पर्वा नसणारा, असा माणूस दीन खोटा ठरवणारा आहे असे ती सांगते, आणि पुढे नमाज पढणाऱ्यांतल्याच काहींवर बोट ठेवते, जे दाखवण्यासाठी पढतात आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूही देत नाहीत. नमाजी आहे म्हणजे आपोआप सज्जन आहे, असे कुरआन शरीफ मानतच नाही. असे मानतो आपण, आणि मग कोणी वजनात मारताना सापडला की तरुण पोरे धर्माकडेच बोट दाखवतात.

आता त्या सरांचे. कशालाच न मानणारा प्रामाणिक कसा? यात बुचकळ्यात पडण्यासारखे काय आहे, हेच आम्हाला कळत नाही. प्रत्येक मूल फितरतीवर जन्मते ही हदीस आपण मशिदीत शंभरदा ऐकतो. चांगले-वाईट ओळखण्याची शक्ती फक्त आपल्याच घरात वाटली गेली, असे त्यात कुठे आहे? पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या सीरतमध्येच पाहा. नुबुव्वतच्या आधी मक्केत एका परगावच्या व्यापाऱ्याचा माल घेऊन पैसे बुडवले गेले, तेव्हा काही कुटुंबांनी अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमून शपथ घेतली, की मक्केत अन्याय झालेल्याच्या बाजूने आपण उभे राहू. हाच हिल्फुल फुजूल. करार करणारे मूर्तिपूजक होते, हुजूर (स.) त्यात सामील होते, आणि पुढे नबी झाल्यावरही त्यांनी सांगितले की अशा कराराला आजही कोणी बोलावले तर मी जाईन. हिजरतच्या वेळी वाट दाखवायला ज्याला बरोबर घेतले तो अब्दुल्लाह बिन उरैकितही मुसलमान नव्हता. डोक्यावर इनाम लागलेले असताना आपला जीव एका मुस्लिमेतर माणसाच्या इमानदारीवर सोपवला. ज्या मुलाला या दोन गोष्टी ठाऊक आहेत, त्याला आपल्या सरांचा प्रामाणिकपणा पाहून ईमान डळमळल्यासारखे वाटणार नाही. आपण त्याला या गोष्टी सांगितल्या नाहीत. तलवारींच्या सांगितल्या.

अफगाणींच्या पुस्तकातली आणखी एक गोष्ट आम्हाला आवडते. धर्माने माणसाला काय दिले, याचे उत्तर देताना ते तीन गुण सांगतात: हया, अमानत आणि सिद्क. वाईट करायला वाटणारी लाज, सोपवलेले जपणे, आणि खरे बोलणे. ते म्हणतात, यांच्याशिवाय समाज चालूच शकत नाही. व्यवहार, कोर्ट, सरकार, सैन्य, सगळे शेवटी कोणाच्या तरी शब्दावर आणि कोणाच्या तरी अमानतीवर उभे आहे.

अमानतीचेच घ्या. मक्केतल्या ज्या लोकांनी हुजूर (स.) यांना मारायचा बेत केला, त्यांच्याच ठेवी त्यांच्याकडे होत्या. हिजरतच्या रात्री हजरत अली (र.) यांना मागे ठेवले ते त्या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. आता हीच मोजपट्टी आजच्या 'प्रगत' जगाला लावा आणि आपल्यालाही लावा. बँकेत ठेवलेला पैसा, डॉक्टरला सांगितलेला आजार, मोबाइलमध्ये साठलेली आपली माहिती, भावाने परदेशातून घरासाठी पाठवलेली रक्कम, बहिणीचा वारशातला हिस्सा. वारशाच्या हिश्श्यावर जरा थांबू. मुलीला वारसाहक्क देणारा कायदा इंग्लंड-फ्रान्सच्या कित्येक शतके आधी आपल्याकडे आला, हे आपण भाषणात सांगतो. आणि घरी बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेतो. "तिने खुशीने दिले" असेही वर सांगतो. रेनाँला उत्तर द्यायला निघालेल्याने आधी तहसील कचेरीतला हा कागद आठवावा.

हैदराबादहून अफगाणी कलकत्त्याला गेले. तिथे नोव्हेंबर १८८२ मध्ये त्यांनी शिक्षणावर एक भाषण दिले, त्यात आपल्या आलिमांवर जी टीका केली ती अजून बोचते. त्यांचे म्हणणे असे, की आपले विद्वान ज्ञानाचे दोन भाग करतात, एक मुसलमानांचे आणि एक फिरंग्यांचे. ज्ञानाला कुठला आला देश? आणि ते एक उदाहरण देतात. हे लोक संध्याकाळपासून पहाटेपर्यंत दिवा समोर ठेवून ग्रंथ वाचतात, पण या दिव्याची काच काढली की धूर का होतो आणि लावली की का होत नाही, हे एकदाही त्यांच्या मनात येत नाही. ज्यांच्या लहानपणी घरात कंदील होता त्या वाचकांना हे डोळ्यासमोर येईल. काच पुसून पुसून आपले हात काळे झाले, पण असा प्रश्न आपल्यालाही पडला होता का?

काही महिन्यांत ते पॅरिसला पोहोचले. रेनाँशी त्यांची भेटही झाली होती, आणि त्यांच्याशी बोलताना जुना इब्न सीना किंवा इब्न रुश्द समोर बसल्यासारखे वाटले, अशा अर्थाचे रेनाँने लिहून ठेवले आहे. १८ मे १८८३ रोजी अफगाणींचे उत्तर त्याच 'जुर्नाल द देबा'मध्ये फ्रेंचमध्ये छापले गेले.

आपल्याकडे अफगाणींचे नाव घेऊन भाषण करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी रेनाँचे तोंड बंद केले, असे सांगितले जाते. उत्तर मुळातून पाहिले तर ते तसे नाही. वंशाच्या मुद्द्यावर त्यांनी रेनाँला जरूर खोडले. ग्रीकांचे ज्ञान रोम आणि बायझँटियम यांच्या दाराशी झोपून होते, ते उचलायला वाळवंटातले अरब आले, आणि शतकभरात त्यांनी ते आपलेसे केले. ज्यांची भाषा अरबी, त्यांचे ज्ञान अरबांचे म्हणायचे नाही तर कोणाचे? पण मुख्य आरोपावर ते म्हणतात, होय, मुसलमानांच्या धर्माने विज्ञानाचा गळा दाबण्याचा प्रयत्न केला आहे. तसाच ख्रिस्ती धर्मानेही केला. सगळ्याच समाजांना सुरुवातीला धर्माच्या पालकत्वाखालून जावे लागले. ख्रिस्ती धर्म आपल्यापेक्षा कित्येक शतके आधी आला, तेव्हा आमच्या समाजालाही आपल्या बेड्या तोडायला वेळ द्या, कोट्यवधी माणसांची आशा तोडू नका. आणि शेवटी तर ते सांगतात की श्रद्धा आणि मुक्त विचार यांचे भांडण कधी मिटणारे नाही.

दोन वर्षांपूर्वी हैदराबादेत धर्माशिवाय समाज टिकत नाही म्हणणारा माणूस पॅरिसमध्ये हे म्हणतो! खरा अफगाणी कोणता, यावर विद्वानांनी पुष्कळ कागद खर्च केला आहे. कोणी म्हणतो ते मनातून नास्तिक होते, कोणी म्हणतो समोरचा पाहून बोलत. आमचे मत विचाराल तर या दोन गोष्टींत वाटते तेवढे अंतर नाही. एका ठिकाणी ते नीतीबद्दल बोलतात, दुसऱ्या ठिकाणी विचारावर पहारा बसवणाऱ्यांबद्दल. हया, अमानत, सिद्क हवेत असे म्हणणारा माणूस दिव्याच्या काचेबद्दल विचारू नका असे म्हणेलच असे नाही. तरीही पॅरिसमधला सूर आम्हाला खटकतो. परक्यांच्या दरबारात आपल्या घरातले गाऱ्हाणे सांगताना माणूस थोडे वाढवून सांगतो, तसे काहीसे ते आहे.

दुसऱ्याच दिवशी, १९ मे रोजी, रेनाँनेही उत्तर दिले आणि एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली. इस्लामबद्दल मी जे बोललो ते ख्रिस्ती धर्मालाही लागू आहे, गॅलिलिओला कॅथॉलिक चर्चने जी वागणूक दिली ती इब्न रुश्दला मिळालेल्या वागणुकीपेक्षा काही बरी नव्हती. वादात दोन्ही बाजूंनी काही सोडले, हे आजकाल दुर्मीळ झाले आहे.

मात्र एक गोष्ट दोघांनीही काढली नाही, आणि आमच्या मते तीच काढायला हवी होती. ज्या ट्युनिसियावर फ्रान्सने 'सुधारणा' करण्यासाठी दोन वर्षांपूर्वी ताबा मिळवला होता, त्या ट्युनिसियाने माणसांची खरेदी-विक्री फ्रान्सच्या आधी बंद केली होती. तिथल्या अहमद बे या शासकाने १८४१ मध्ये गुलामांचा बाजार बंद केला आणि जानेवारी १८४६ मध्ये गुलामगिरीच रद्द केली. फ्रान्सने आपल्या वसाहतींत ती कायमची रद्द केली १८४८ मध्ये.

अहमद बेने हे कसे केले ते वाचण्यासारखे आहे. त्याने ट्युनिसच्या आलिमांना पत्र लिहिले. मुद्दे असे, की आमच्या प्रजेतल्या बहुतेकांना गुलामाला शरीअतने सांगितलेली वागणूक देता येत नाही. शिवाय ज्या मुलखांतून ही माणसे आणली जातात तिथे इस्लाम केव्हाच पोहोचला आहे, तेव्हा त्यांना गुलाम करणेच कितपत जायज, हा संशय आहे. तिसरे कारण राजकारणाचे होते: पळालेले गुलाम परदेशी वकिलातींचा आसरा घेऊ लागले होते. इंग्रज वकिलाचा दबावही होताच, तो लपवण्यात अर्थ नाही. हनफी आणि मालिकी, दोन्ही मुफ्तींनी मान्यता दिली. काही दर्ग्यांत नोटरी बसवले गेले, की जो गुलाम येईल त्याला तिथेच सुटकेचा कागद द्यावा. पुढे १८६४ मध्ये, अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी चालू असताना, ट्युनिसच्या नगरपालिकेचे प्रमुख जनरल हुसैन यांनी तिथल्या अमेरिकन वकिलाला पत्र लिहून गुलामगिरी रद्द केल्याचे फायदे समजावून सांगितले. ट्युनिसचा मुसलमान अमेरिकेला सांगतो आहे की माणसे मोकळी करा, देशाचे भलेच होते! शाळेच्या कोणत्या पुस्तकात हे आहे?

मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. पण इथे थांबू नका, नाहीतर तो पुन्हा आजोबांचा सातबारा होईल. कारण उरलेली हकीकत अशी: ट्युनिसियातही गुलामी पूर्ण संपली नाही आणि १८९० मध्ये शिक्षेच्या तरतुदीसह पुन्हा हुकूम काढावा लागला. सौदी अरबस्तानात गुलामगिरी रद्द झाली १९६२ मध्ये. मॉरिटानियात १९८१ मध्ये. गुलाम मोकळा करणे हे मोठे पुण्य, अनेक गुन्ह्यांचा कफ्फारा, असे सूरह बलदपासून ठिकठिकाणी ऐकत आलेल्या समाजाला एवढी शतके का लागली? याला इंग्रज जबाबदार नाहीत. आणि इंग्रजांचेही पाहा. १८३३ च्या कायद्याने त्यांनी गुलामगिरी रद्द केली तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती गुलामांच्या मालकांना. ज्यांची पाठ फुटली त्यांना एक पैसा नाही. त्या कायद्यासाठी झगडलेल्यांत बायबल हातात घेतलेले लोक होते, आणि मालकांच्या बाजूनेही बायबलच वाचले जात होते.

तेव्हा "धर्म सोडला म्हणून पुढे गेले" हे वाक्य इतिहासात तपासून पाहिले तर टिकत नाही, आणि "आमच्या धर्मात सगळे आधीच होते" हेही टिकत नाही. प्रत्येक वेळी धर्माच्या आत राहूनच कोणीतरी विचारले, की जे चालले आहे ते खरेच अल्लाहला मंजूर आहे का? अहमद बेने विचारले. न विचारणारेही त्याच मशिदीत उभे होते.

छापखान्याची गोष्ट याच्या उलट आहे, ती थोडक्यात सांगतो. स्पेनमधून हाकललेल्या यहुद्यांना तुर्कांनी आसरा दिला आणि त्यांनी १४९३ मध्ये इस्तंबूलमध्ये आपला छापखाना चालू केला. त्याच शहरात मुसलमानाच्या छापखान्यातून पहिले पुस्तक बाहेर पडायला १७२९ उजाडले. इब्राहिम मुतफर्रिका यांनी ते छापले, शेखुल इस्लामच्या फतव्याने आणि सुलतानाच्या परवानगीने, तेही दीनी पुस्तके छापायची नाहीत या अटीवर. मधल्या दोनशे छत्तीस वर्षांच्या कारणांवर इतिहासकार भांडतात: आलिमांची नाखुशी, नकलकारांचे पोट, वाचकांची आवड. कारण काहीही असो, मनाई कुरआन शरीफमध्ये नव्हती. आपण आज ज्या गोष्टींना "दीनमध्ये चालत नाही" म्हणतो, त्यांतल्या किती छापखान्यासारख्या निघतील? मुलीला शहरात शिकायला पाठवण्याबद्दल आपल्या मोहल्ल्यांत वीस वर्षांपूर्वी काय बोलले जायचे, ते बोलणाऱ्यांना आज आठवून पाहायला हरकत नाही. त्याच घरांतल्या मुली आता नर्सिंग आणि फार्मसी करून घर चालवत आहेत.

शेवटची एक हकीकत. अफगाणींचे सर्वांत लाडके शागीर्द इजिप्तचे मुहम्मद अब्दुहू. रेनाँला दिलेले उत्तर छापले गेले तेव्हा ते बैरुतमध्ये हद्दपारीत होते, आणि ते उत्तर अरबीत येऊ नये अशी काळजी त्यांनीच घेतली. आपल्या लोकांना ते पचणार नाही, असे त्यांना वाटले असावे. पुढे ते मायदेशी परतले आणि १८९९ मध्ये इजिप्तचे मुफ्ती झाले. १९०२ मध्ये फराह अंतून नावाच्या, तिशीही न ओलांडलेल्या एका ख्रिस्ती पत्रकाराने आपल्या मासिकात इब्न रुश्दवर लेख लिहिला आणि जवळजवळ रेनाँचेच म्हणणे पुन्हा मांडले, की इस्लामपेक्षा ख्रिस्ती धर्माने विचारवंतांना जास्त सहन केले. मुफ्तींच्या हातात सत्ता होती, मान होता, मागे सगळा देश होता. त्यांनी मासिक बंद करा म्हटले नाही. त्यांनी 'अल्-मनार' मासिकात लेखमाला लिहून मुद्द्याला मुद्दा दिला. अंतूननेही उत्तर दिले. महिनोन्‌महिने लोक दोन्ही मासिके वाचत होते. १९०३ मध्ये अंतूनने इब्न रुश्दवर आपले पुस्तक काढले, तेव्हा त्यात अब्दुहू यांची उत्तरेही छापली.